प्लेगच्या झोपड्यांपासून पेट्री डिशपर्यंत

१० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. पुण्याजवळच्या दवाखान्यात रुग्णांची शुश्रूषा करतानाच त्यांना लागण झाली होती. सातारा जिल्ह्यातलं नायगाव हे त्यांचं जन्मगाव. ज्या जिवाणूने त्यांचा बळी घेतला, तो अलेक्झांडर येर्सिनने हाँगकाँगमध्ये शोधून काढल्याला तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. त्याच जानेवारीत हाफकिनने मुंबईत प्लेगची लस तयार केली होती.

कृष्णाकाठच्या गावांना यातलं फारसं काही ठाऊक नव्हतं. घरात उंदीर पडला की गाव सोडायचं, माळावर झोपड्या घालायच्या, साथ ओसरली की परतायचं, एवढंच माहीत. हा शहाणपणाचा उपाय होता आणि त्याने कित्येक जीव वाचवले. पण माणूस कशाने मरतो, हे कुणी पाहिलेलं नव्हतं. १९१८ साली इन्फ्लुएंझा आला, तेव्हा लोकांनी त्याला मानमोडी म्हटलं आणि पुन्हा मुकाट मरण सोसलं. सूक्ष्मदर्शक होता तो मुंबईच्या प्रयोगशाळेत, नाहीतर डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत सुरू केलेल्या मिशन हॉस्पिटलसारख्या ठिकाणी. कुणब्याच्या पोराने त्याला डोळा लावावा, ही कल्पनाच त्या काळी कुणाच्या मनात आली नसती.

ती शक्य झाली, यामागे एका फिरत्या विक्रेत्याची पायपीट आहे. भाऊराव पाटील किर्लोस्करांचे नांगर विकत हिंडले, ओगल्यांच्या काच कारखान्यासाठीही त्यांनी काम केलं. मानमोडीच्या पुढच्याच वर्षी, ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, कराड तालुक्यातल्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. १९२४ पासून साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवू लागली. मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही मोडलं. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं, १९५४ मध्ये कराडला सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना आर्थिकदृष्ट्या मागासांसाठी ईबीसीची फी-सवलत आली आणि फीमुळे अडलेली मुलं कॉलेजची पायरी चढली. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ स्थापन झालं. तोवर दक्षिण सातारा जिल्ह्याचं सांगली हे नाव होऊन दोन वर्षं होत आली होती. पुढे कराड, सातारा, इस्लामपूर इथल्या कॉलेजांत सूक्ष्मजीवशास्त्र हा बी.एस्सी.चा विषय झाला. मुलांच्या बोलण्यात तो ‘मायक्रो’.

खेड्यातल्या कॉलेजला हा विषय पेलणं सोपं नाही. वनस्पतिशास्त्राच्या मुलांना बांधावरून नमुने आणता येतात. इथे अगर, पेप्टोन, रंजकं, सगळं विकत घ्यावं लागतं. काचसामान धुवायचं, वाळवायचं, कागदात गुंडाळून निर्जंतुक करायचं. ऑटोक्लेव्हमध्ये पंधरा पौंडांच्या दाबाखाली १२१ अंश सेल्सिअस तापमान गाठायचं असतं, आणि घरातल्या प्रेशर कुकरची शिट्टीही याच तत्त्वावर वाजते. रॉबर्ट कॉख यांचे सहायक रिचर्ड पेट्री यांनी आपल्या झाकणाच्या बशीचं वर्णन छापलं ते १८८७ साली. भाऊरावांचा जन्मही त्याच वर्षी कुंभोजचा. योगायोगच, पण कृष्णाकाठच्या प्रयोगशाळेत तो सांगावासा वाटतो.

जिवाणू मात्र वेळापत्रक पाळत नाहीत. आज ओतलेली प्लेट उद्या त्याच वेळी पाहावी लागते, मग उद्या रविवार असो की बेंदूर. पहाटेच्या एसटीने पास काढून येणाऱ्या मुलांना हा नेम सांभाळावा लागतो. भारनियमनाच्या वर्षांत वीज गेली की इन्क्युबेटरमधले ३७ अंश हळूहळू उतरत आणि आठवडाभराचा प्रयोग वाया जाई. त्यातून पुस्तकं इंग्रजी. दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्या मुलीला पहिल्या वर्षी अर्थ आणि स्पेलिंग अशी दुहेरी लढाई लढावी लागते. तरीही या वर्गांत मुली भरपूर दिसतात. पॅथॉलॉजी लॅबची नोकरी तालुक्यातच मिळू शकते, हे घरच्यांना पटवता येतं.

या मुलांपाशी एक भांडवल असतं आणि त्याची नोंद कुठल्याच गुणपत्रिकेत होत नाही. सोयाबीन उपटल्यावर मुळांवर दिसणाऱ्या गाठी त्यांनी लहानपणापासून पाहिलेल्या असतात. पेरणीआधी गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळायचं जिवाणू खत वडिलांनी आणलेलं असतं. वर्गात रायझोबियम शिकवलं जातं तेव्हा पाकिटातल्या काळ्या भुकटीचा उलगडा होतो. पहिल्या पावसाचा मातीचा वास स्ट्रेप्टोमायसिस जातीच्या जिवाणूंमुळे येतो, हे कळल्यावर आपलंच रान नव्याने ओळखीचं होतं.

उसाचं तर विचारायलाच नको. फलटण तालुक्यातल्या पाडेगावला १९३२ पासून ऊस संशोधन केंद्र आहे. तोडलेला ऊस वेळेत गाळला नाही तर ल्युकोनोस्टॉक नावाचा जिवाणू त्यातली साखर खातो आणि डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ तयार करतो. रस दाट होतो, उतारा घटतो. ट्रॅक्टर कारखान्याच्या वजनकाट्यापुढे ताटकळतो तेव्हा शेतकऱ्याचा जीव का कासावीस होतो, याचं एक उत्तर या जिवाणूपाशी आहे. मळीपासून अल्कोहोल काढणाऱ्या डिस्टिलरीत यीस्ट सांभाळायलाही याच विषयाची माणसं लागतात. भिलवडीच्या चितळ्यांनी १९३९ साली दुधाचा धंदा मांडला आणि या पट्ट्यात पुढे दूधसंघ वाढले. मिथिलीन ब्लूचा निळा रंग किती वेळात उडतो यावरून दुधातले जिवाणू जोखण्याची परीक्षा मुलं कॉलेजात करतात. सकाळी डेअरीवर घातलेलं आपलंच दूध त्यांना त्या नळीत दिसतं.

पण पदवीनंतरची वाट बहुतेकदा पुण्याकडेच गेली. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी उभी राहिली. तिथे पेनिसिलिन बनू लागलं, नंतर स्ट्रेप्टोमायसिनही. वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झने १९४३ साली मातीतल्या जिवाणूपासून मिळवलेलं हे औषध क्षयावर चाललं आणि प्लेगवरही. सावित्रीबाईंच्या वेळी ते असतं तर, हा विचार मनाला चाटून जातोच.

तेच औषध पुढे फवारणीच्या पंपातून सांगली जिल्ह्यात परत आलं. आटपाडी आणि जत या दुष्काळी तालुक्यांनी टँकरचं पाणी घालून डाळिंब जगवलं, आणि त्यावर तेल्या आला. पानाफळांवर तेलकट डाग पाडून फळ तडकवणारा हा रोग बुरशीचा नाही, झँथोमोनास जिवाणूचा आहे. शेतकऱ्यांनी बागा तोडल्या, छाटल्या, बोर्डो मिश्रण मारलं, आणि स्ट्रेप्टोमायसिन असलेल्या स्ट्रेप्टोसायक्लिनच्या छोट्या पुड्या पाण्यात मिसळून फवारल्या. ही पुडीही पिंपरीच्याच कंपनीची. माणसाच्या औषधाचा शेतात असा वापर झाला तर जिवाणू त्याला सरावतात, ही भीती खरी आहे. म्हणूनच डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने शेतीतल्या या औषधावर बंदी आणण्याचा मसुदा काढला.

जिवाणू औषधाला सरावला की नाही हे पाहण्याची रीत बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकात आहे. जिवाणू पसरलेल्या प्लेटवर औषधाची चकती ठेवायची, दुसऱ्या दिवशी तिच्याभोवतीचं मोकळं वर्तुळ पट्टीने मोजायचं. बहुतेक ठिकाणी हा प्रयोग बाहेरून आणलेल्या ठरीव जिवाणूंवर होतो, कारण प्रात्यक्षिकाच्या वहीत तसंच लिहिलेलं असतं. त्याऐवजी आटपाडीच्या बागेतला डाग पडलेला पाला घेतला, तर आणखी एक-दोन प्लेटी लागतील आणि वर्तुळाचा आकडा थेट बागायतदाराच्या कामाचा असेल.