कमान : शब्द एक, अर्थ किती!

हिमायतनगर (हैदराबाद) : आपल्या नांदेड जिल्ह्यातलं नव्हे, हे हैदराबादचं हिमायतनगर. इथून जुन्या शहरात गेलं की गुलझार हौजाभोवती चार कमानी दिसतात; भागाचं नावच चारकमान. १५९१ च्या चारमिनारलाही चारी दिशांना कमानी.

'कमान' मूळ फारसी, अर्थ धनुष्य. तीरकमान त्यातलीच. तसा बाक दिसला की आपण कमान म्हणतो : भुवयांची, पुलाची, ट्रकखालचा कमानपाटाही तोच. यश वाढत गेलं की 'चढती कमान'. तेलुगू-कन्नडात 'कमानु'.

खऱ्या कमानीत दगड एकमेकांना दाबून धरतात, भार दोन्ही पायांकडे उतरतो. मधला दगड निघाला की सगळं खाली. गावच्या स्वागत कमानी बऱ्याचदा सिमेंटच्या आडव्या तुळया, नाव तेवढं कमान. त्यावर कुणाचं नाव टाकायचं, यावरून मात्र गावं भांडतात.