पायाखालची जागा

फुलंब्री तालुक्यातल्या माझ्या गावी आमच्या वस्तीतले अनेक पुरुष गवंडीकाम नाहीतर बिगारी करतात. पहाटे औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) गाठायचे, नाक्यावर उभे राहायचे, मुकादमाने बोलावले तर दिवसभर घमेली वाहायची. माझे वडील त्यांतलेच. सिडकोतल्या कितीतरी भिंतींचा गिलावा त्यांच्या हातचा. आमचे घर मात्र पत्र्याचे राहिले. घरबांधणीच्या संघटनांचा इतिहास मी या पत्र्याखाली बसून वाचला, म्हणून तो मला थोडा वेगळा दिसतो.

हा इतिहास मुंबईच्या गावदेवीपासून सांगितला जातो. १९१५ साली श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने तिथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. भाड्याच्या खोलीत पिचणाऱ्या माणसांनी एकत्र येऊन घरे उभी करावीत, ही कल्पना मोठीच होती. तिचे मोल मी नाकारत नाही. पण एकत्र येण्याचा आधार कोणता होता? जात. परस्परांवरचा विश्वास जातीतून आला आणि शेजारही जातीचाच झाला.

दोनच वर्षांनी, १९१७ मध्ये, बाबासाहेब आंबेडकर बडोद्याला नोकरीसाठी गेले. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या या माणसाला गावात खोली मिळेना. पारशी नाव घेऊन ते पारशी धर्मशाळेत राहिले. ओळख उघड झाली तेव्हा काठ्या घेतलेला जमाव दारात आला. आणि २००५ साली अहमदाबादच्या झोरोॲस्ट्रियन सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की सभासदत्व फक्त पारशांपुरते ठेवणारा पोटनियम वैध आहे. पारशी समाज अल्पसंख्य आहे, त्याची स्वतःला टिकवण्याची भीती मी समजू शकतो. पण हाच युक्तिवाद गावातल्या बहुसंख्यांच्या हाती लागला, तर आमची वस्ती गावकुसाबाहेरच राहणार ना?

१९७८ च्या नामांतराच्या दंगलीत मराठवाड्यातली आमची घरे जाळली गेली. त्यासाठी कुणाला संस्थेची नोंदणी करावी लागली नव्हती.

व्यावसायिकांचे तसे नाही. मुंबईच्या बांधकाम व्यावसायिकांची एमसीएचआय १९८२ मध्ये आणि देशपातळीवरची क्रेडाई १९९९ मध्ये स्थापन झाली. रेरा कायदा २०१६ चा. महारेरा १ मे २०१७ पासून कामाला लागले. पुढे २०१९ मध्ये महारेराने नव्या प्रकल्पांच्या प्रवर्तकांना मान्यताप्राप्त स्वयंनियामक संघटनेचे सभासदत्व सक्तीचे केले. ग्राहकाची फसवणूक थांबावी, हा हेतू योग्यच. मात्र यातून व्यावसायिकाची संघटना कायद्याच्या चौकटीतला एक खांब झाली.

आणि घमेले वाहणारा? त्याच्यासाठीही १९९६ मध्ये कायदा झाला. बांधकाम खर्चावर १ टक्का उपकर घ्यायचा आणि त्यातून मजुराचे कल्याण करायचे. पण लाभार्थी म्हणून नोंद व्हायची तर मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस काम केल्याचा पुरावा हवा. आज या साइटवर, उद्या त्या, परवा नाक्यावर रिकामा, अशा माणसाने तो कुणाकडून आणायचा? माझ्या वडिलांच्या मुकादमाने कधी कागदावर सही केली नाही. त्याची वही होती, पण तिच्यात हजेरीपेक्षा उचलच जास्त लिहिलेली असे. नाक्यावरच्या माणसांची संघटना उभी राहू शकते, पण सकाळी मजुरीच्या दरावर अडून बसण्याइतके पैसे आदल्या रात्री घरात असावे लागतात.

घरकुलाची गोष्ट याच धाग्याची. रमाई आवास योजना अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी आहे, पण अनुदान भिंतीला मिळते आणि भिंतीला आधी जमीन लागते. दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहापासून मराठवाड्यातला दलित गायरानासाठी झगडतो आहे. १९९१ मध्ये शासनाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय काढला. राहत्या घराच्या जागेचा प्रश्न मात्र आमच्या वस्तीत लोंबकळतच राहिला.

माझ्या चुलत्याचे नाव घरकुलाच्या यादीत आले. जागेचा उतारा नाही म्हणून ते थांबले. चुलते आता सत्तरीचे आहेत. उभ्या आयुष्यात किती पाये खोदले, असे मी त्यांना एकदा विचारले. त्यांनी बोटे मोजायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिले.