हक्काची अर्धा तास विश्रांती

खाशाबा दादासाहेब जाधव हे नाव ठाऊक नाही असा मराठी माणूस विरळाच. १९५२ साली हेलसिंकी येथे त्यांनी मिळविलेले कांस्यपदक हे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. दुसऱ्यासाठी देशाला १९९६ पर्यंत थांबावे लागले. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, ही कथाही सर्वश्रुत आहे. पैशाचा हिशेब आपण आवडीने सांगतो. शरीराच्या व मनाच्या हिशेबाकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते.

गोळेश्वरच्या या मल्लाचे अंग तांबड्या मातीत घडलेले. १९४८ साली लंडनला ते गादीवरच्या कुस्तीत उतरले आणि सहावे आले. पुढील चार वर्षे त्यांनी नव्या पद्धतीसाठी शरीर पुन्हा घडविले. हेलसिंकीला जपानच्या इशीशी झालेल्या प्रदीर्घ लढतीत ते हरले. दोन कुस्त्यांमध्ये किमान अर्धा तास विश्रांती मिळावी असा नियम असताना त्यांना लगेच सोव्हिएत मल्ल मामेदबेकोव्ह याच्याशी लढण्यास सांगण्यात आले. हरकत घेण्यास एकही भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता. दमलेले खाशाबा तीही कुस्ती हरले. पुढे इशीला सुवर्ण व मामेदबेकोव्हला रौप्य मिळाले. परक्या देशात, परक्या भाषेत, आपला हक्क मागायलाही कोणी नाही, या एकटेपणाचे ओझे आम्हांस त्या थकव्याहून जड वाटते.

आज मल्लामागे वैद्य, आहारतज्ज्ञ, प्रशिक्षक असा ताफा असतो. तरी २०२४ साली पॅरिसमध्ये खाशाबांच्याच ५७ किलो गटात अमन सेहरावत याला कांस्यपदकाच्या लढतीपूर्वी दहा तासांत ४.६ किलो वजन उतरवावे लागले. विनेश फोगाट हिने रात्रभर घाम गाळला, केसही कापले. तरी काटा १०० ग्रॅम अधिक दाखवीत राहिला. अंतिम लढत गेली आणि दुसऱ्याच दिवशी तिने निवृत्ती जाहीर केली. म्हणजे सोबतीला माणसे आली, पण शरीराची वसुली थांबली नाही. (बेळ्ळंदूरच्या रस्त्यांवर भल्या पहाटे पेंगुळलेल्या मुलांना प्रशिक्षणाला नेणारे पालक पाहिले की हा काटा आम्हांस आठवतो.)

१९५५ साली खाशाबा पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकची उमेद होती, पण गुडघा दुखावला आणि ती वाट बंद झाली. नोकरी त्यांनी निमूटपणे पुरी केली. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचा मृत्यू झाला. आम्ही सरकारी नोकर. कागद टेबलावरून टेबलावर जायला किती वेळ लागतो, हे आम्ही जाणतो. तरीही त्यांचा अर्जुन पुरस्कार २००० सालचा आहे, हे वाचून आम्ही मृत्यूचे साल पुन्हा एकदा पडताळून पाहिले.