भातखाचरातील मिथेन

पाणी साचलेल्या भातखाचराच्या चिखलात तयार होऊन हवेत मिसळणारा, तापमानवाढीस हातभार लावणारा वायू. त्याचे मूळ भाताच्या जातीपेक्षा तुंबलेल्या पाण्यात आहे. चिखलणी होऊन खाचर भरले की मातीत हवा शिरत नाही. मग प्राणवायूविना जगणारे सूक्ष्मजीव धसकटे, शेणखत आणि मुळांतून पाझरणारी द्रव्ये कुजण्याच्या अखेरच्या टप्प्यात मिथेन तयार करतात. आवणात पाय रोवला की जे बुडबुडे फुटतात, त्यांत तो असतो. बहुतांश मिथेन मात्र रोपातूनच वर येतो : मुळांना हवा पोचवणाऱ्या पोकळ पेशीजालातून तो उलट वाटेने बाहेर पडतो.

मिथेन हवेत सुमारे १२ वर्षे टिकतो. तरी १०० वर्षांच्या हिशेबात त्याचा ताप तितक्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या २७ पटींहून कमी नाही.

भारतातील भातशेतीवर १९९० च्या सुमारास मोठाच आरोप आला. परदेशी शेतांतील मोजमापांवरून अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने येथील उत्सर्जन वर्षाला ३.७ कोटी टनांवर धरले होते. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचे ए. पी. मित्रा आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये ठिकठिकाणच्या शेतांत प्रत्यक्ष मोजणी केली. उभ्या रोपांवर पेटी उपडी घालायची, ठरावीक अंतराने आतली हवा काढून तपासायची. आकडा भरला सुमारे ४० लाख टन. येथील बरीच खाचरे पावसावरची, अधूनमधून सुकणारी. सतत भरलेल्या शेताचा हिशेब त्यांना लावणे अन्यायाचेच होते. तरीही ४० लाख टन दुर्लक्षिण्याजोगे नाहीत.

उपाय पाण्यातच आहे. फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने रुजवलेल्या पद्धतीत भोके पाडलेली नळी खाचरात रोवतात; पाणी जमिनीखाली १५ सेंमी. उतरले की पुन्हा भरतात, फुलोऱ्यात मात्र तुटू देत नाहीत. मिथेन निम्म्याच्या आसपास घटतो. ओल-सुकीच्या या फेऱ्यांत नायट्रस ऑक्साइड हा दुसरा तापवणारा वायू वाढू शकतो, म्हणून युरियाचा हातही आवरावा लागतो.

ही पद्धत पाणी ज्याच्या ताब्यात आहे त्याची. कोकणात आषाढात वरच्या खाचराचे पाणी बांधावरून खालच्यात उतरत असते. तिथे नळी पाहून शेतकऱ्याने काय करावे? त्याला जवळचा वाटावा असा प्रयोग रायगड जिल्ह्यातील नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांनी केला आहे : सगुणा राइस तंत्र. त्यात चिखलणी आणि लावणी दोन्ही नाहीत. कायमच्या गादीवाफ्यांवर भात टोकतात आणि कापणीनंतर मुळे जमिनीतच ठेवतात.