पानिपत : मित्र का आले नाहीत?

पानिपतच्या काला आंब स्मारकापाशी उभं राहिलं की प्रत्येक मराठी माणूस एकच प्रश्न विचारतो. 14 जानेवारी 1761 ला आपल्या मदतीला उत्तरेतलं कोणी का आलं नाही? मीही तो विचारला. उत्तर शोधायला मात्र नऊ वर्षं मागे जावं लागलं.

1752 साली मराठे आणि दिल्लीचा बादशहा यांच्यात अहदनामा झाला. अब्दालीपासून आणि इतर शत्रूंपासून मराठ्यांनी बादशाहीचं रक्षण करायचं, बदल्यात 50 लाख रुपये आणि पंजाब, सिंध वगैरे मुलखांची चौथाई घ्यायची. पण बादशहाचा खजिना रिकामा होता. मग वसुली कुठून? रजपुतांकडून, जाटांकडून. जयपूरच्या वारसाहक्काच्या भांडणात तर आपण त्याआधीच खंडणीसाठी हात घातला होता. 1754 मध्ये सूरजमलच्या कुंभेरीला वेढा दिला, तिथे खंडेराव होळकर पडले. ज्यांच्या रक्षणाचा दावा होता, त्यांनाच रक्षणकर्त्याची धास्ती बसली.

सर्वांत बोचणारं उदाहरण शुजाउद्दौल्याचं. त्याच्या बापाला, सफदरजंगाला, 1751 मध्ये मराठ्यांनीच रोहिल्यांविरुद्ध वाचवलं होतं. तरी 1760 मध्ये शुजा अब्दालीकडे गेला. नजीबखानाने धर्माचं कारण पुढे केलं, हे खरं; पण शुजा शिया, अब्दाली सुन्नी. प्रयाग आणि काशी आपल्याला द्या, ही पेशव्यांची जुनी मागणी अवधच्या नवाबाला विसरता येण्यासारखी नव्हती. सूरजमल सोबत आला होता, पण दिल्ली घेतल्यावर तोही परतला.

आज अमेरिका आणि युरोप यांच्यात असाच हिशेब चालू आहे. नाटोचा करार 1949 चा. एकावर हल्ला तो सर्वांवर, हे त्याचं पाचवं कलम. ते आजवर एकदाच लागू झालं, 2001 मध्ये, अमेरिकेवर हल्ला झाल्यावर. आता वाद पैशाचा आहे. खर्च वाटून घ्या, ही मागणी रास्तच. पण रक्षणाची किंमत मोजून घेताना मित्राच्याच मुलखावर डोळा ठेवला, तर पुढच्या लढाईत तो कुठे उभा राहील?

आणि एक गोष्ट आपण विसरतो. पराभवानंतर उपाशी, जखमी मराठ्यांना अन्न, वस्त्र आणि आसरा दिला तो सूरजमलनेच. माणुसकी शिल्लक होती, मैत्री मात्र आपण आधीच खर्चून बसलो होतो.