ला रोशेल, १ नोव्हेंबर १६२८

वेशीतून आत पाऊल टाकताच नाकाला पदर लावा, नाहीतर रुमाल. पुरण्याइतकं बळ कुणाच्या हातात उरलं नव्हतं, त्यामुळे प्रेतं कित्येक दिवस घरांत, गल्ल्यांत तशीच पडून राहिली. वेढ्यापुढे अखेर शरण आलेल्या या प्रोटेस्टंट शहरात वेढा घालणारा फ्रान्सचा राजा तेरावा लुई आज प्रवेश करतोय. वाटेच्या दुतर्फा गुडघे टेकून बसलेल्यांकडे नीट पाहा. गालांची हाडं वर आलेली, पोटऱ्या काठीएवढ्या. नजर राजाच्या घोड्यावर कमी, पावांच्या गाड्यांवर जास्त. घोडे, कुत्री, मांजरं केव्हाच संपली. शेवटी पट्टे आणि जोड्यांचं कातडं उकळून खाल्लं. वेढा पडला तेव्हा इथे सुमारे सत्तावीस हजार माणसं होती. आज पाचेक हजार असतील.

बंदराकडे चला. समोर पाण्यात जो बांध दिसतोय, त्यानेच हे शहर घेतलं. दगड भरून बुडवलेली जहाजं, लाकडी ओंडके, त्यावर पुन्हा दगड. सुमारे दीड किलोमीटर लांबीचा, भरती-ओहोटीचं पाणी खेळावं म्हणून मधे थोडी फट ठेवलेला. कल्पना वास्तुविशारद मेतेझोची, हट्ट राजाचा मंत्री कार्डिनल रिशेल्यू याचा. मदतीला आलेली इंग्रजांची जहाजं मे महिन्यात लोकांनी बुरुजांवरून पाहिली. ती परत गेली. सप्टेंबरअखेर पुन्हा आली, तोफा डागल्या, पण बांध ओलांडता आला नाही. गंमत अशी, की आठवड्याभरात वादळ येईल आणि याच बांधाचा काही भाग वाहून नेईल.

नगरपालिकेत महापौर झां गितोंचं टेबल आहे. त्यावर खंजीर ठेवून ते म्हणाले म्हणे, की शरणागतीचा शब्द काढील त्याच्या छातीत हा जाईल. गोष्ट झकास आहे आणि पुढे तिच्या जोरावर गितोंचा पुतळाही उभा राहील. मला मात्र आठवतात ती तटाबाहेर काढलेली म्हातारी माणसं, बाया, पोरं. खाणारी तोंडं कमी व्हावीत म्हणून शहराने त्यांना बाहेर घालवलं; राजाच्या सैनिकांनी पुढे जाऊ दिलं नाही. तट आणि राजाच्या सैन्याचे खंदक यांच्या मधल्या पट्टीत गवत उपटून खात ती मेली. हा हिशेब एकट्या राजाच्या नावावर मांडता येत नाही.

आता अटी ऐका. उरलेल्यांना जीवदान, मालमत्ता परत. जमिनीकडचे तट पाडायचे, शहराचे जुने हक्क रद्द. पण प्रोटेस्टंट पद्धतीच्या उपासनेला मुभा. रिशेल्यूला सलत होती ती राजाला न जुमानणारी, इंग्रजांना हाक मारणारी तटबंदी. बायबल कसं वाचता, हा प्रश्न त्याने तूर्त बाजूला ठेवलाय. फक्त प्रोटेस्टंटांचं मोठं प्रार्थनामंदिर आता कॅथलिकांकडे जाईल.