टू-इन-वनची निगा आणि रेडिओची खरखर

जोयडा तालुक्यात पावसाळ्यात हवा इतकी दमट असते, की बंद कपाटातील कॅसेटवरही बुरशी चढते. सुपा धरणाच्या जलाशयात गेलेल्या जुन्या सुपा गावातील आवाज, लग्नगीते वा वडीलधाऱ्यांचे बोल कुणाकडे ध्वनिमुद्रित असतील, तर त्यांची दुसरी प्रत कोठेही मिळणार नाही. म्हणून अशी कॅसेट लावण्यापूर्वी यंत्राची सफाई करणे अगत्याचे आहे.

फिलिप्स कंपनीने १९६३ साली पुढे आणलेल्या या कॅसेटमधील फीत ३.८१ मिलिमीटर रुंद असून ती सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर गतीने हेडवरून सरकते. हेडवर मळाचा पातळ थर साचला, तरी प्रथम वरच्या पट्टीचे सूर मंदावतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलात किंचित भिजवलेल्या कापसाच्या काडीने हेड व शेजारची फिरती धातूची दांडी पुसावी. रबरी चाक किंचित ओलसर फडक्याने पुसून कोरडे करावे. आवाज लडखडत असेल, तर आतील रबरी पट्टा सैल झालेला असू शकतो. यंत्र वापरात नसेल तेव्हा सेल काढून ठेवावेत. त्यांतून झिरपणारा द्रव पत्र्यांना गंज चढवतो. बुरशी दिसणारी कॅसेट लावू नये. ती बुरशी हेडवाटे इतर फितींना लागते.

रेडिओतील खरखरीचा उगम बहुधा घरातच असतो. मोबाईलचा चार्जर, एलईडी दिवा व स्वस्त अॅडॉप्टर मध्यम लहरींवर गोंगाट करतात. एकेक उपकरण बंद करून दोषी कोणते ते शोधावे. संच सेलवर चालवताच गुणगुण थांबली, तर दोष अॅडॉप्टरचा समजावा. साधारण सेकंदागणिक टकटक ऐकू येत असेल, तर शेताभोवतीचे सौर कुंपण पाहावे. तारेला टेकलेल्या वेली छाटाव्यात, परंतु कुंपणाचा प्रवाह आधी बंद करून.

मध्यम लहरींचा आकाशक आतील फेराइट दांड्यावर गुंडाळलेला असतो व तो दिशेला संवेदनशील असतो. त्यामुळे बाहेरची तार ओढण्याऐवजी संच सावकाश फिरवून पाहावा. एफएमसाठी मात्र दांडी पूर्ण उघडावी.

जुन्या कॅसेटची प्रत संगणकावर घेताना संच सेलवर चालवावा व मोबाईल दूर ठेवावा. त्याआधी फीत एकदा पुढे-मागे गुंडाळून सैल करावी आणि कॅसेटच्या मागील कडेवरील दोन्ही चिमुकल्या पट्ट्या मोडाव्यात. मग चुकून लाल बटण दाबले गेले, तरी जुना आवाज पुसला जात नाही.